राहू बेट

चारी बाजूंना पाणी आणि मधे जमीन, तिला बेट म्हणतात. आपल्या राहूच्या चारी बाजूंना काही पाणी नाही. मग राहू बेट का म्हणतात? चला, पाहू या.

आपल्या उत्तरेला भीमा आहे. ती भीमाशंकरच्या डोंगरातून येते. तिच्या पलीकडे रांजणगाव सांडस, शिरूर तालुका. दक्षिणेला मुळा-मुठा आहे. ती पुण्याहून येते. पूर्वेला वाळकीजवळ दोघी भेटतात. जमिनीची वाट उरली ती पश्चिमेला, हवेलीच्या अंगाला. पूल नसताना दोन्ही नद्यांना पूर आला, म्हणजे इथला माणूस बेटावरच्यासारखाच अडकून पडायचा. पुस्तकात अशा जमिनीला दुआब म्हणतात. आपण बेट म्हणतो.

समुद्रकाठी याच्या उलटही असते. तिथे मधे पाणी आणि तीन बाजूंना जमीन. मुंबईची चौपाटी अशाच पाण्यावर आहे. एका अंगाला कुलाबा, दुसऱ्या अंगाला मलबार हिल. मधल्या पाण्याला 'बॅक बे' म्हणतात. बॅक म्हणजे मागचा, बे म्हणजे लहान उपसागर. मुंबईचा जुना किल्ला आणि बंदर पूर्वेला. हे पाणी त्यांच्या पाठीमागे, म्हणून ते नाव. पुढे त्यात भराव घालून लोकांनी जमीन केली. पाणी मागे हटलं, नाव तेवढं राहिलं.

आपल्याकडे मात्र नावही आहे आणि पाणीही आहे. म्हणून हे नाव नीट समजून घ्यावे.

खडकवासल्यातून पाणी सोडले की मुळा-मुठा वाढते. चासकमानमधून सोडले की भीमा वाढते. दोघी एकदम वाढल्या, तर संगमावर भीमेचे पाणी मुळा-मुठेला वाट देत नाही. मग तिचे पाणी मागे तुंबते आणि शेतात चढते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी असे होते, कारण पाऊस वर घाटात पडलेला असतो.

तेव्हा मंडळी, पाणी सोडल्याची सूचना आली की मोटारी वर काढा, गुरे वर आणा. पाणी चढल्यावर मोटारीसाठी नदीत उतरू नका. मोटार पुन्हा घेता येते. गेलेला माणूस परत येत नाही. आणि आपल्या शेताजवळची नदी शांत दिसली, म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरीचीही चौकशी करा. बेटावर राहणाऱ्याने दोन्ही अंगांना पाहावे.