जुना लष्करी पट्टा: अस्सल की नक्कल?

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढणाऱ्या मराठा पलटणींच्या काळातला लष्करी पट्टा म्हणजे '१९३७ नमुना': जाड सुती विणीचा, सुमारे सव्वादोन इंच रुंद, पितळी बकलाचा. त्याच पलटणींतले नामदेव जाधव १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले.

असा पट्टा हाती आला तर आधी उलटा करून पाहावा. आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का, साल आणि सरकारी बाणाची खूण शोधावी. भारतीय मालावर बाणाजवळ बहुधा 'आय' अक्षर असते. पाठीकडे खांद्याचे पट्टे अडकवायला दोन छोटी बकले हवीत. शोभेच्या नकलेत ती अनेकदा नसतात.

शिक्का मात्र नव्यानेही मारता येतो.

म्हणून धागा तपासावा. अंधारात अतिनील टॉर्च धरला की आजचे बरेच धागे निळसर चमकतात, कारण त्यांत उजळपणा आणणारी रसायने असतात. त्यांचा सर्रास वापर महायुद्धानंतरचा. पण आजच्या पावडरीने धुतलेला अस्सल पट्टाही चमकतो, तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

पट्टा जपायलाही हवा: तळेघर, भीमाशंकर अशा भागांतल्या धुवाधार पावसात सुताला बुरशी लागते, पितळ हिरवे पडते. घरात आजोबांचा पट्टा असेल तर तो धुऊ नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. शाईतला शिक्का एका धुण्यातही पुसला जाऊ शकतो.