चेहरा एकाचा, आवाज कोणाचा?
(जान मारिया व्होलोन्ते या इटालियन नटाची ओळख)

१९६४ साली इटलीत 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' हा बोलपट निघाला. बंदूकबाजांची ही कथा आपल्याकडील पुष्कळांच्या परिचयाची आहे. तीतील क्लिंट ईस्टवुडचा नायक जसा लक्षात राहतो, तसाच त्याच्यासमोर उभा ठाकणारा, डोळ्यांत निखारा असलेला खलनायक रामोनही लक्षात राहतो. हा रामोन कोण, म्हणून नामावली पाहू गेल्यास तेथे 'जॉन वेल्स' असे नाव आढळे. या नावाचा नट नव्हताच. चित्र अमेरिकन वाटावे म्हणून इटालियन मंडळींनी इंग्रजी नावे धारण केली होती. दिग्दर्शक सर्जिओ लेओने स्वतः 'बॉब रॉबर्टसन' झाला होता. इतकेच नव्हे, तर इटालियन प्रतीत रामोनच्या तोंडून जो आवाज ऐकू येतो, तोही नान्दो गाझोलो या दुसऱ्याच नटाचा आहे.

म्हणजे मेहनत एकाची, नाव भलत्याचे आणि आवाज तिसऱ्याचा. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस हा हिशेब फार ओळखीचा वाटतो. त्या नटाचे खरे नाव जान मारिया व्होलोन्ते. आपले नाव, आपला आवाज आणि आपली सदसद्विवेकबुद्धी ही तिन्ही आपल्याच हाती राहावीत म्हणून त्याने पुढील तीस वर्षे जी धडपड केली, तिची हकिगत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

व्होलोन्तेचा जन्म ९ एप्रिल १९३३ रोजी मिलान येथे झाला. बालपण तुरिन शहरात गेले. वडील फॅसिस्टांच्या बाजूचे अधिकारी होते. महायुद्ध संपल्यावर त्यांना शिक्षा होऊन ते तुरुंगात गेले. घराची घडी विस्कटली. मुलाने कोवळ्या वयातच शाळा सोडली. फ्रान्समध्ये जाऊन सफरचंदे तोडण्याची मजुरीही केली. पुढे तो एका फिरत्या नाटकमंडळीत शिरला आणि पडेल ते काम करता करता नट झाला. त्यानंतर त्याने रोमच्या राष्ट्रीय नाट्य-अकादमीत रीतसर शिक्षण घेतले. १९५७ साली तो तेथून बाहेर पडला. १९६० साली व्हेरोना येथे त्याने रोमिओची भूमिका केली. ज्याला आपण पुढे खलनायक म्हणून ओळखले, तो मुळात रंगभूमीवर तयार झालेला नट होता, हे ध्यानात ठेवावे.

फॅसिस्टाचा हा मुलगा वडिलांच्या अगदी उलट दिशेने गेला. १९६२ साली तावियानी बंधू आणि व्हालेन्तिनो ओर्सिनी यांनी काढलेल्या 'जाळण्याजोगा माणूस' या चित्रात त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली. हे चित्र साल्वातोरे कार्नेव्हाले याच्या आयुष्यावर बेतलेले होते. कार्नेव्हाले हा सिसिली बेटावरील श्यारा गावचा कामगार पुढारी. दगडाच्या खाणीतील मजुरांना आठ तासांचा दिवस मिळावा म्हणून तो झगडत होता. १६ मे १९५५ रोजी, सकाळी कामावर जात असता, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. या चित्राची आम्हांस विशेष वाटणारी गोष्ट अशी की, त्यात पुढाऱ्याला देवत्व दिलेले नाही. त्याची धडाडी दिसते, तसा त्याचा अहंकारही दिसतो. हुतात्म्याची तसबीर भिंतीवर लावणे सोपे असते. तो तुमच्याआमच्यासारखा माणूस होता हे दाखविणे कठीण. व्होलोन्तेने आरंभापासूनच हा कठीण मार्ग धरला.

त्याची किंमतही लौकरच मोजावी लागली. पोप बारावे पायस यांनी ज्यूंच्या संहाराबाबत मौन पाळले, असा आरोप करणारे रोल्फ होखहुथचे नाटक व्होलोन्तेने १९६५ साली रोममध्ये रंगभूमीवर आणण्याचे ठरविले. इटालियन सरकार आणि चर्च यांच्यामधील १९२९ च्या कराराचा आधार घेऊन अधिकाऱ्यांनी ते बंद पाडले. ज्या वर्षी डॉलर्सच्या चित्रांनी त्याला घरोघर पोहोचविले, त्याच वर्षी पोलिसांनी त्याच्या नाट्यगृहाचे दार अडविले.

पुढे एलिओ पेत्री आणि फ्रान्चेस्को रोझी या दोन दिग्दर्शकांशी त्याची गाठ पडली, आणि त्याची उत्तमोत्तम कामे झाली. १९७० साली पेत्रीच्या चित्रात त्याने एक पोलीस अधिकारी रंगविला. हा अधिकारी आपल्याच प्रेयसीचा खून करतो, मुद्दाम पुरावे मागे ठेवतो, आणि तरीही आपल्यावर संशय घेण्याची कोणाची छाती होते काय, हे पाहत बसतो. या चित्रास परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९७२ साली तर कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक दोन चित्रांत विभागून देण्यात आले, आणि दोहोंचाही नायक व्होलोन्तेच होता! एकात तो इटलीच्या सरकारी तेल-उद्योगाचा प्रमुख एन्रिको मात्तेई होता. दुसऱ्यात लुलू मास्सा नावाचा साधा यंत्रकामगार.

या लुलूसंबंधी आम्हांस दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. चित्राचे नाव 'कामगारवर्ग स्वर्गाला जातो'. कारखान्यात नगावर मजुरी आहे. जितके नग, तितका पैसा. लुलूचा हात सर्वांत जलद चालतो. व्यवस्थापक त्याच्या हाताला घड्याळ लावतात, आणि त्याच्या वेगावरून इतरांच्या कामाचे माप ठरवितात. जो लुलूइतके काम करणार नाही, तो कामचुकार! साहजिकच सोबती त्याचा द्वेष करतात. नगावर मजुरी ठेवणाऱ्याला मुकादमाची गरज फारशी उरत नाही. कामगारच कामगाराच्या मानेवर बसविला जातो. ही युक्ती इतक्या स्पष्टपणे उलगडून दाखविणारे दुसरे चित्र आमच्या पाहण्यात नाही.

एके दिवशी यंत्रात लुलूचे बोट तुटते. मग तो जागा होतो. फाटकावर एकीकडे संघटनेची माणसे, दुसरीकडे कर्णे घेऊन ओरडणारे विद्यार्थी. दोघांनाही तो हवासा वाटतो. त्याची नोकरी जाते. शेवटी संघटना वाटाघाटी करून त्याला परत कामावर घेववते, आणि तो पुन्हा ओळीत उभा राहून नग जोडू लागतो. एवढ्याचसाठी हे चित्र इटलीतील डाव्या मंडळींपैकी अनेकांना रुचले नाही. संघटनेला कमीपणा आणला, असे त्यांस वाटले. आमचे मत निराळे आहे. संघटनेने लुलूची भाकरी परत मिळविली, ही लहान गोष्ट नव्हे. चित्रही ती नाकारीत नाही. पण भाकरी मिळाल्यावर त्या माणसाच्या डोक्यात दिवसभर काय चालते, हा प्रश्न उरतोच. तो प्रश्न विचारणारा कलावंत चळवळीचा शत्रू नव्हे, तिचा जागल्या होय.

अशी भूमिका वठविण्यासाठी व्होलोन्ते कामगारासारखीच मेहनत घेई. चित्राची संहिता तो स्वतःच्या हाताने लिहून काढी, आणि ती माणसे अंगात मुरेपर्यंत सोडीत नसे. लुलूचे चित्रण नोव्हारा शहरातील खऱ्या कारखान्यात झाले. इटलीत चित्रीकरणानंतर दुसऱ्याच नटाचा आवाज घालण्याची जी रूढी होती, तिच्याविरुद्ध नटांनी चळवळ उभारली. 'आवाज-चेहरा' या नावाने ती ओळखली जाते. ज्याचा चेहरा, त्याचाच आवाज, एवढेच तिचे मागणे. या चळवळीत व्होलोन्ते आघाडीवर होता. जॉन वेल्सचे हे उत्तर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७५ साली तो कम्युनिस्ट पक्षातर्फे लात्सिओ प्रांताच्या परिषदेवर निवडून आला. परंतु काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. खुर्ची त्याला मानवली नाही. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याला गाठले, शस्त्रक्रिया झाली. तरी १९८३ साली कान येथे त्याने सर्वोत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळविले. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे १६ मार्च १९७८ रोजी अपहरण झाले आणि ९ मे रोजी त्यांचा मृतदेह सापडला. १९८६ सालच्या चित्रात व्होलोन्ते हाच मोरो झाला, आणि बर्लिन येथे त्या भूमिकेचा गौरव झाला. त्यापूर्वी दहा वर्षे, मोरो हयात असताना, त्यांच्यासारख्याच एका पुढाऱ्याची बोचरी नक्कल त्यानेच पडद्यावर केली होती. तोच नट तोच माणूस दुसऱ्या वेळी करुणेने उभा करतो, यातच त्याचे मोठेपण आहे. मतभेद असलेल्या माणसाचे दुःखही त्याने परके मानले नाही.

६ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीसमधील फ्लोरिना गावी, अंगेलोपुलोस या दिग्दर्शकाच्या चित्राचे काम चालू असता, हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अवघे एकसष्ट. सार्डिनियाजवळच्या ला मादालेना बेटावर त्याला मूठमाती देण्यात आली.

लुलूच्या चित्राच्या शेवटी तो यंत्रावर उभा राहून सोबत्यांना आपले स्वप्न सांगत असतो. एक भिंत आहे, आणि तिच्यापलीकडे स्वर्ग आहे म्हणतात. पण यंत्रांचा गोंगाट असा की शब्द कानी पडत नाहीत, 'काय म्हणालास?' असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते. व्होलोन्तेने स्वतःच्या आवाजासाठी झगडा केलाच. पण त्या गोंगाटात बुडालेला आवाजही त्याने जगाच्या कानापर्यंत पोहोचविला. नटाने समाजासाठी काय करावे, असा प्रश्न जेव्हा कोणी आम्हांस विचारतो, तेव्हा आम्ही या माणसाचे नाव सांगतो.