लाखनीच्या उन्हाळी सुट्टीचे रंग

पारा पंचेचाळिशीकडे सरकला की विदर्भातल्या लाखनीत पोरांची भूक मरते, तहान तेवढी उरते. तेव्हा ताटातला रंग जंगलातूनच येतो. टेंभरं पिकली की पिवळीधमक होतात. साल फोडून आतला गोड गर चोखायचा, बिया थुंकायच्या. याच झाडाची पानं विडीसाठी तोडतात. काळपट जांभळी चारं खाताना जीभ रंगते. तो रंग अँथोसायनिनचा. खाऊन झाल्यावर बी फेकू नये, ती फोडली की आत चारोळी निघते!

पिकल्या आंब्याच्या केशरी गरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. ‘क’ मात्र कैरीत जास्त. उकडून पन्हं केलं की त्यातलं बरंच जातं, म्हणून थोडी कच्ची कैरी किसून कांद्यासोबत वाढावी. टरबुजात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. लाल रंग लायकोपीनचा. ते घरीच कापावं, उघड्यावर चिरून ठेवलेल्या फोडी नकोत. बर्फगोळ्याचा भडक लाल रंग या यादीत धरू नये. लालच हवा तर हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या अंबाडीच्या फुलांचं सरबत करा.

जांभळं जूनमध्ये येतात. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे तीही सुट्टीतच सापडतात.