खातं बंद पडलेला विक्रेता ग्राहक ठरतो का?

गेल्या आठवड्यात सदोष माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाची बाजू पाहिली. आज काउंटरच्या पलीकडे जाऊ.

समजा, निमगाव केतकीतल्या एक ताई घरच्या शेवया-कुरडया एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकतात. तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला येते तेव्हाचा माल रोखीत खपतो, पैसे तिथल्या तिथे. ऑनलाइनचं उलटं. गिऱ्हाईक पैसे कंपनीकडे भरतं. कंपनी कमिशन कापून उरलेले काही दिवसांनी पाठवते. एके सकाळी मेल येतो की धोरणाचा भंग झाल्याने खातं स्थगित केलं आहे. कुठलं धोरण, कुठली ऑर्डर, अवाक्षर नाही. विक्री थांबतेच, झालेल्या विक्रीचे पैसेही अडकतात.

चारचौघांचा सल्ला ठरलेला: ग्राहक मंचात जा. (मंचाचा आता आयोग झालाय, पण तोंडात मंचच बसलाय.) सल्ला वाईट नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला विचारणार, या बाई ग्राहक कशा?

हा प्रश्न महाराष्ट्राला जुना आहे. पुण्याच्या उद्योग संचालनालयाकडे लघुउद्योग म्हणून नोंदलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने कोइमतूरच्या पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून मोठं यंत्र घेतलं. ते उशिरा आलं, सदोष निघालं. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यंत्राची खरेदी व्यापारी हेतूची ठरवली. पण त्याच निकालात एक दार किलकिलं राहिलं: पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा, स्वतः टाइपरायटर बडवणारा माणूस ग्राहकच.

आमच्या ताई त्याच दारातून आत शिरू पाहतील, आणि तिथेच अडतील. जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनंतर ही सवलत विकत घेतलेल्या वस्तूंना होती, तशी घेतलेल्या सेवांनाही होती. 2019 च्या कायद्याने सवलत ठेवली, पण शब्द राहिले ते फक्त वस्तूंचे. सेवा गळाल्या. आणि ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याला देते ती सेवाच! ही मसुदा लिहिणाऱ्याची नजरचूक की हिशोब, कोण जाणे. फटका मात्र छोट्या विक्रेत्यालाच बसतो. शिलाई यंत्र घेणारी बाई आत आणि त्यावर शिवलेलं विकायला ऑनलाइन खातं उघडणारी बाहेर, हे मला तरी पटत नाही.

गंमत म्हणजे याच कायद्यात ‘अनुचित करार’ची व्याख्या आहे. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलम त्यात नाव घेऊन बसवलंय. पण तो करार ग्राहकाशी झालेला हवा. पुन्हा तोच उंबरठा. युरोपीय संघात जुलै 2020 पासून खातं स्थगित करताना विक्रेत्याला लेखी कारण द्यावंच लागतं आणि कायमचं बंद करायचं तर सहसा 30 दिवस आधी कळवावं लागतं. आपले ई-कॉमर्स नियमही जुलै 2020 चेच, पण तक्रारीची पोच 48 तासांत देण्याचं आणि ती महिन्यात निकाली काढण्याचं बंधन आहे ते ग्राहकाच्या तक्रारीसाठी.

मग उरतो करार. ‘मान्य आहे’वर टिचकी मारताना त्यात बहुधा लवादाचं कलम असतं आणि ठिकाण बंगळूरु नाहीतर दिल्ली. इथे दोन मागण्या वेगळ्या करायला हव्यात. खातं पुन्हा चालू करा, ही मागणी अवघड. मुळात संपवता येण्याजोगा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही. पण विकलेल्या मालाचे पैसे द्या, ही साधी येणं वसूल करण्याची मागणी आहे. ती जास्त भक्कम, आणि त्यासाठी साधारण 3 वर्षांची मुदत असते. म्हणून वकिलाच्या नोटिशीत पैशाचा आकडा आधी, खात्याची विनंती नंतर.

आकडा सिद्ध कसा करायचा? लॉगिन चालू आहे तोवर सेटलमेंटचे अहवाल, कुरिअरच्या पोचपावत्या आणि तो स्थगितीचा मेल उतरवून घ्यावा. लॉगिन गेलंच, तर जीएसटी नोंदणी असलेल्यांकडे आणखी एक पुरावा असतो. जुलै 2024 पासून कंपनी निव्वळ करपात्र विक्रीवर 0.5 टक्का कर कापून सरकारजमा करते आणि त्याची नोंद विक्रेत्याच्या जीएसटी खात्यावर दिसते. ती नोंद कंपनीने स्वतःच भरलेली असते.