पार्ट तुमचा की गॅरेजचा?

सुटे भाग घेण्याआधी

• जेन्युइन : कारकंपनीच्या खोक्यातला भाग. ओईएम : कारकंपनीला भाग पुरवणाऱ्या उत्पादकाचा, त्याच्या स्वतःच्या नावाने विकलेला. आफ्टरमार्केट : तिसऱ्याच कंपनीचा. ‘डुप्लिकेट’ म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. ती बनावट नक्कल.

• चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा. एकाच मॉडेलचे ब्रेक पॅडही वर्ष आणि व्हेरिएंटनुसार बदलू शकतात. म्हणून नेमका भाग जुळवण्यासाठी चासी नंबर असलेली आरसी दुकानात दाखवावी.

• गॅरेजने आणला तर : किमतीत गॅरेजचा नफा धरलेला. भाग चुकीचा निघाल्यास बदलून आणण्याची धावपळ गॅरेजची.

• तुम्ही आणला तर : भागाची वॉरंटी दुकानदाराची किंवा उत्पादकाची. गॅरेज सहसा फक्त बसवण्याच्या कामाची हमी देते. फरक क्लच प्लेटमध्ये नीट दिसतो. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नवी प्लेट सदोष निघाली तर प्लेट वॉरंटीत बदलून मिळते. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी मात्र बहुधा गाडीमालकाच्याच खिशातून जाते. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, वायपर यांत ही जोखीम किरकोळ.

• पाकिटावरची एमआरपी सर्व करांसह असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के.

• २५ ऑगस्ट २०१४ : सुटे भाग खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाचा १४ कारकंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड.

• काढलेला जुना भाग परत हवा असेल, तर काम सुरू होण्याआधीच जॉब कार्डवर तसे लिहून घ्यावे.