सांधा जुळतो म्हणजे नेमकं काय जुळतं?

लेखमाला : रेषा, वक्र, आकार — लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण बेझिए वक्र आणि त्याचे नियंत्रण बिंदू पाहिले. आता असे दोन वक्र एकमेकांना जोडायचे आहेत. काम किरकोळ वाटतं, पण कॅडमध्ये माणसाचा कस लागतो तो इथेच. त्यासाठी स्क्रीनसमोर बसण्याआधी आपल्या आग्रा रोडवर जाऊन येऊ.

शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना पळासनेर मागे पडलं की सातपुड्याची चढण लागते आणि बिजासन घाटाची वळणं सुरू होतात. रस्ता आखणाऱ्याच्या कागदावर सरळ रस्ता म्हणजे रेषा आणि वळण म्हणजे वर्तुळाचा कंस. रेषा कंसाला स्पर्शरेषेसारखी जाऊन मिळाली की कोपरा राहत नाही. नकाशा कितीही जवळून पाहा, सांधा डोळ्याला सापडत नाही.

गाडीत बसलेल्याला मात्र तो सापडतो. एखाद्या मोकळ्या महामार्गावरचं २३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या आणि गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर धरा. वळणावर बाजूचा प्रवेग सेकंदाला सेकंदामागे सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त. सरळ रस्त्यावर तो शून्य होता. मधे काहीच नसेल तर हा सगळा ओढा सांध्यावर एका क्षणात यायला हवा. तसं होत नाही, कारण कोणताही चालक स्टिअरिंग क्षणात फिरवू शकत नाही. तो ते हळूहळू वळवतो आणि तेवढ्या अंतरात आपली लेन सोडून सरकतो. घाटात समोरून ट्रक येत असताना हे सरकणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून रस्त्याचे अभियंते रेषा आणि कंस यांच्यामध्ये संक्रमण वक्र घालतात. या वक्राची वक्रता शून्यापासून सुरू होऊन एकसारखी वाढत जाते आणि कंसाच्या वक्रतेशी येऊन थांबते. वक्रता म्हणजे त्रिज्येचा व्यस्त: त्रिज्या २३० मीटर, तर वक्रता १/२३०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रात वरचे आकडे घातले तर संक्रमणाची लांबी सुमारे ९३ मीटर निघते. रस्त्याची बाहेरची कडही याच लांबीत हळूहळू उचलली जाते. रुळांवर तर ड्रायव्हरला स्वतःची वाट निवडायची सोयच नाही, म्हणून भारतीय रेल्वे संक्रमणासाठी घन परवलय वापरते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किलोमीटरचा इंदूर-मनमाड मार्ग आपल्या भागात येईल तेव्हा त्याच्या प्रत्येक वळणाच्या दोन्ही टोकांना असे तुकडे असतील.

हे तुकडे जागा मागतात, लांबीत आणि आडवीसुद्धा. संक्रमण बसवायचं तर मूळ वर्तुळाला जागचं हलून रेषेपासून थोडं आत सरकावं लागतं. अभियंते याला शिफ्ट म्हणतात. लांबीचा वर्ग भागिले चोवीस पट त्रिज्या, असा त्याचा हिशेब. आपल्या उदाहरणात तो दीड मीटरच्या थोडा वर येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कॅडमध्ये ती पुन्हा लागणार आहे.

आता स्क्रीनकडे. कॅडमध्ये सांध्याचे दर्जे ठरलेले आहेत. दोन टोकं नुसती एकमेकांना लागली तर जी-०. सांध्यावर दिशाही एक झाली तर जी-१. वक्रताही जुळली तर जी-२. वक्रता बदलण्याचा दरही जुळला तर जी-३. फिलेट नावाची जी आज्ञा सगळे पहिल्या दिवशी शिकतात ती साधारणपणे वर्तुळाचा कंस घालते, म्हणजे जी-१ वर थांबते. बिनसंक्रमणाचा घाट तो हाच.

बेझिए वक्राच्या भाषेत हे फार सुंदर उलगडतं. टोकाचा बिंदू जागा ठरवतो. दुसरा बिंदू दिशा ठरवतो. वक्रता ठरते ती तिसऱ्या बिंदूच्या स्पर्शरेषेपासूनच्या उंचीवरून आणि पहिल्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या वर्गावरून. म्हणून दुसरा बिंदू दुप्पट दूर नेला आणि तिसऱ्याची उंची तीच ठेवली, तर टोकाची वक्रता चौथाईवर येते. आणि तिसरा बिंदू स्पर्शरेषेला समांतर कितीही सरकवला तरी वक्रता तसूभर बदलत नाही. हे माहीत असलं की आकार हवा तसा लांबवता येतो आणि सांधाही हलत नाही. जी-२ साठी प्रत्येक टोकाला तीन बिंदू बांधले जातात, दोन्हीकडचे मिळून सहा. म्हणून जोडवक्र पाचव्या घाताचा घेतात.

पृष्ठभागांचं काम याहून कठीण, कारण तिथे एका बिंदूवर भागत नाही, सगळ्या कडेवर जुळावं लागतं. आणि तिथे परीक्षा घेतो प्रकाश. कारच्या बॉनेटवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं ते पत्र्याच्या जागेवर अवलंबून नसतं, पत्रा कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्यावर असतं. त्यामुळे प्रतिबिंबात सांधा असतो त्याहून एक पायरी खालचा दिसतो. कॅडमधले झेब्रा पट्टे हेच दाखवतात: जी-० ला पट्टे सांध्यावर तुटतात, जी-१ ला जुळतात पण मोडतात, जी-२ ला अखंड वाहतात. बेझिए रेनो कंपनीत आणि द कास्तेल्जो सित्रोएनमध्ये १९५९ च्या सुमारास आणि त्यानंतर जे गणित रचत होते ते गाड्यांच्या याच पत्र्यासाठी.

प्रत्येक ठिकाणी जी-२ चा आग्रह धरू नये. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्याला साधा फिलेट पुरतो, त्याचं मशीनिंगही सोपं. जिथे प्रकाश पडतो, हात फिरतो किंवा काही वेगाने सरकतं, तिथे मात्र तडजोड नको. कॅमच्या आकारात वक्रतेने उडी मारली की त्यावर टेकून सरकणाऱ्या फॉलोअरच्या प्रवेगातही उडी येते आणि तो ठोकायला लागतो.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो सांध्यापाशीच बिंदू ओढत बसण्यात. सॉफ्टवेअर जी-२ दाखवतं, तरी पृष्ठभागावर फुगवटा दिसतो. याचं कारण गणितात पक्कं आहे. एकमेकांना आधीच टेकलेली रेषा आणि वर्तुळ यांच्यामध्ये नुसता वाढत्या वक्रतेचा जोडवक्र बसूच शकत नाही. १९१२ मध्ये क्नेझर यांनी मांडलेल्या प्रमेयातून हे निघतं. जोडवक्राला कुठेतरी कंसाहून जास्त वळावं लागतं किंवा उलट्या बाजूला झुकावं लागतं. फुगवटा येतो तो तिथून. उपाय घाटातलाच: दोन्ही बाजू मागे छाटा आणि शेजाऱ्याला थोडं सरकवा.

या आठवड्याचा गृहपाठ त्यावरच. फ्रीकॅड मोफत मिळतं. त्यात कर्व्ह्ज हे जोड-वर्कबेंच बसवा. एक रेषा आणि तिला टेकलेला ५० मिलिमीटर त्रिज्येचा कंस काढा. दोन्ही सांध्यापासून वीस-वीस मिलिमीटर छाटून मधे ब्लेंड कर्व्ह घाला, जी-२ निवडा आणि कॉम्ब प्लॉट, म्हणजे वक्रता दाखवणारा कंगवा, लावा. कंगव्याचे दात कंसाच्या उंचीपलीकडे जातात किंवा रेषेच्या दुसऱ्या बाजूला उतरतात ते नीट पाहा. मग कंस रेषेपासून १.३ मिलिमीटर दूर सरकवून जोड पुन्हा घाला. आता दात एकसारखे चढत जायला हवेत. नसतील तर जोडाच्या दोन्ही टोकांचा ताण थोडा थोडा बदलून पाहा. पुढच्या आठवड्यात तीन पृष्ठभाग एका कोपऱ्यात मिळतात तिथे जाऊ.