घेवड्यातलं लेक्टिन, रक्तातलं लेक्टिन

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्ही रक्तातल्या प्रथिनांवर बोलणार म्हटल्यावर काही भुवया उंचावल्या असतील. पण ‘स्व’ आणि ‘पर’ हा आमच्याच विषयातला जुना प्रश्न, आणि शरीर तो कसा सोडवतं हे कोरेगावच्या वाघ्या घेवड्यापासून सांगता येतं.

घेवडा कच्चा खाऊ नये, नीट उकळावा, हे साताऱ्याकडे घराघरांत ठाऊक आहे. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशींवरच्या साखरेला चिकटतं, रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं. अशा प्रथिनांना विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये ‘लेक्टिन’ म्हटलं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ, निवडणे. (घेवडाही निवडावाच लागतो!)

असंच एक लेक्टिन आपल्या यकृतात बनून रक्तात फिरतं: मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन, एमबीएल. इथल्या सांगलीच्या द्राक्षांवर यीस्ट असतं ना, त्याच्या भिंतीवर मॅनोज ही साखर दाटीनं असते. आपल्या पेशींवरच्या साखळ्यांची टोकं बहुधा वेगळ्या साखरांची. एमबीएलचा एक हात धरतो तो अगदी सैल. पण हात पुष्कळ, घोसासारखे. समोर मॅनोज ठरावीक अंतरांवर मिळालं की सगळे एकदम धरतात, मग सुटका नाही. त्याला जोडलेली ‘मास्प’ विकरं जागी होतात, सी-४ आणि सी-२ कापतात. त्यातून सी-३ कापणारं यंत्र तयार होतं. सी-३चे तुकडे जंतूवर बसले की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. काही जंतूंना तर भोकंच पडतात. प्रतिपिंडांची वाट बघावी लागत नाही. हा कॉम्प्लिमेंटचा लेक्टिन मार्ग.

वारंवार आजारी पडणाऱ्या काही मुलांचं रक्तद्रव यीस्ट गिळायला पेशींना मदत करत नाही, हे १९७६ मध्ये दिसलं होतं. कारण एमबीएलची कमतरता, हे १९८९ मध्ये कळलं. म्हणून लगेच घाबरू नका, एमबीएल कमी असलेली बरीच माणसं ठणठणीत असतात.

आता आमचा प्रश्न. एमबीएलला ‘पर’ कळतो का? नाही, त्याला साखरेची मांडणी कळते. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेल्या आपल्याच अवयवालाही ते धरतं, इजा वाढवतं. एरवी आपल्या पेशी सी-३चे तुकडे निकामी करणारी प्रथिनं बाळगून वाचतात. देवीच्या लसीतला वॅक्सिनिया विषाणू तसलंच प्रथिन स्वतः बनवतो. विषाणूंच्या या सोंगावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या गटानं बरंच काम केलं आहे.